तिन्हीसांजेची मोजणी

धर्मगुरूने लेखणी उचलली की त्याने कृपा, करुणा किंवा क्रूस यांविषयी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. तरीही या अंकासाठी आम्ही कोंबड्यांच्या खुराड्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या अंगणात आजही चारदोन गावठी कोंबड्या असतात, आणि सकाळी खुराड्याचे दार उघडताच आत पिसांचा सडा दिसावा, हा अनुभव त्यांतील कित्येकांनी घेतला असेल. त्यांना या लेखातील काही गोष्टी उपयोगी पडतील. शिवाय एका खुराड्यापाशी आमच्या हातून एक चूक घडली. प्रायश्चित्त संस्कारात तिची कबुली देऊन झाली आहे. परंतु जी चूक चारचौघांत घडते तिची कबुलीही चारचौघांतच दिली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमचे बालपण वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका वाडीत गेले. विहीर, केळीची बाग, थोडी फुलझाडे आणि घरामागे आईच्या कोंबड्या. वाडीचा पैसा घरखर्चात आणि कर्जफेडीत जाई. कोंबड्यांचा पैसा मात्र आईचा असे. अंडी विकून आलेली नाणी ती एका डब्यात जपून ठेवी. १९८८ साली आम्ही सेमिनरीत जायला निघालो, तेव्हा आमची पत्र्याची ट्रंक, दोन पांढरे सदरे आणि चपलांचा जोड त्याच डब्यातून आला. आमच्या धर्मगुरुपदाच्या पायाशी कोंबड्या आहेत, असे आम्ही कधी कधी थट्टेने म्हणतो. पण ती निव्वळ थट्टा नव्हे.

त्या कोंबड्यांचा दिवस आणि आईचा दिवस एकाच वेळी मावळे. चर्चची तिन्हीसांजेची घंटा झाली की आई कपाळावर क्रूसाची खूण करी, अंगणात उभ्यानेच देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणे आणि मग 'तीऽ तीऽ तीऽ' अशी साद घालीत खुराड्याकडे जाई. एकेक कोंबडी आत शिरे तशी ती मोठ्याने मोजी. संख्या भरली की कडी. नाही भरली, तर कंदील घेऊन चिकूच्या झाडावर, कुंपणात, शेजारच्या वाडीत शोध. पिल्ले असलेली कोंबडी ती डालग्याखाली घेऊन ओटीवर ठेवी आणि डालग्यावर दगड. घरातील जेवण त्यानंतर. पोटात भूक पेटलेली असताना ती मोजणी आम्हा भावंडांना छळासारखी वाटे. "एक कमी असली तर काय बिघडतं?" असे आम्ही एकदा चिडून विचारल्याचे आठवते. आईने उत्तर दिले नाही. कंदिलाची वात मोठी केली एवढेच.

पुढे गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान झाले, ईशज्ञान झाले. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मागे ठेवून जाणाऱ्या मेंढपाळावर आम्ही प्रवचने लिहिली, त्यांना गुणही चांगले मिळाले. त्या मेंढपाळाला आम्ही कंदील घेऊन फिरताना पाहिले होते, हे मात्र त्या वेळी आमच्या ध्यानी आले नाही.

२०१६ साली आमची नेमणूक वसई तालुक्याच्या पूर्वेकडील एका लहान धर्मग्रामात झाली. चर्चच्या मागे भातशेते, त्यांपलीकडे आदिवासी पाडे आणि सर्वांच्या पाठीशी तुंगारेश्वरचा डोंगर. या डोंगरावरील जंगलाला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आम्ही तेथे रुजू झाल्यावर काही दिवसांनी धर्मग्रामातील एका विधवा मावशींनी पाच तलंगा आणि एक कोंबडा आणून आमच्या ओटीवर सोडला. "फादर, एवढी मोठी जागा मोकळी पडलीय, चार जिवांचा आवाज असू द्या," असे त्या म्हणाल्या. स्वतःजवळच्या कोंबड्यांपैकी निम्म्या त्यांनी आम्हांस दिल्या होत्या, हे पुढे कळले.

धर्मग्रामातील मंडळींनी हौसेने खुराडे उभारले. जुन्या वर्गखोलीचे दार, सणाच्या मांडवाचे उरलेले पत्रे आणि बाजारात मिळते ती पातळ षट्कोनी कोंबडीजाळी. दिसायला ते नेटके होते. कोंबड्यांची देखभाल पाड्यावरचा एक तरुण करी. तो आवार झाडी, बागेला पाणी घाली, घंटा वाजवी आणि घंटा वाजवून झाल्यावर थेट खुराड्याकडे जाई. तोही मोजीत असे. त्याच्या मोजणीत कधी चूक झाली नाही.

२०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. सणाच्या तयारीसाठी सायंकाळी सभा होती. खुर्च्या मांडायला माणूस हवा होता, म्हणून आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "आज खुराड्याचं आम्ही बघतो, तू सभागृहाकडे जा." सभा वर्गणीच्या प्रश्नावरून लांबली. आवाज चढले, रुसवेफुगवे झाले. साडेनऊ वाजता आम्ही थकून बाहेर पडलो, तेव्हा खुराड्याचे दार उघडेच होते. विजेरीचा झोत आत टाकला. दांडीवर कोंबड्या बसलेल्या दिसल्या. आम्ही कडी लावली आणि झोपायला गेलो. मोजल्या नाहीत.

सकाळी एकोणीसपैकी सोळाच निघाल्या. आत रक्त नव्हते, पिसे नव्हती, जाळी शाबूत होती आणि कडी आम्ही लावली होती तशीच होती. पॅरिश कौन्सिलचे एक सदस्य मिस्सा आटोपून आमच्याबरोबर पाहायला आले. त्यांनी खुराड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "फादर, हे चार पायांच्या जनावराचं काम नाही. जनावर कडी उघडून परत लावत नाही." बोलताना त्यांची नजर बागेकडे गेली. तेथे तो तरुण झाडू मारीत होता. त्याने ते शब्द ऐकले होते. झाडू थांबला होता.

त्या क्षणी आम्ही दोन गोष्टी सांगू शकलो असतो. दार साडेनऊपर्यंत उघडे होते, ही पहिली. कडी लावताना आम्ही मोजले नाही, ही दुसरी. दोन्ही सांगायला अर्धे मिनिट लागले असते. परंतु आदल्या रात्रीच्या सभेत आमच्या कारभारावर टीका झाली होती, आणि आणखी एका हलगर्जीपणाची कबुली देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "पाहू."

तिसऱ्या दिवशी त्या तरुणाने किल्ल्यांचा जुडगा आमच्या टेबलावर आणून ठेवला. घरी काम आहे, असे तो म्हणाला. आम्ही त्याला थांब म्हणालो नाही.

त्यानंतर आठवडाभराने दुसरी रात्र उजाडली. त्या सायंकाळी दार वेळेवर बंद केले होते, मोजणीही झाली होती. मध्यरात्रीनंतर कोंबड्यांचा एकच कल्लोळ ऐकून आम्ही जागे झालो. धावत खाली उतरेपर्यंत आवाज थांबला होता. सोळांपैकी अकरा कोंबड्या मरून पडल्या होत्या. नेली होती एकच, बाकीच्या नुसत्या मारून टाकलेल्या. कोपऱ्यात मावशींनी दिलेल्या तलंगांपैकी एक खुडूक बसून नऊ पिल्ले घेऊन होती. प्रवचनांतून आपण एक गोष्ट नेहमी ऐकतो, की आग लागते, कोंबडी जळून जाते आणि तिच्या पंखांखालून पिल्ले जिवंत बाहेर येतात. आमच्या खुराड्यात तसे घडले नाही. कोंबडीचे पंख पसरलेले होते. पण पंखांनी दात अडत नाहीत. पंखांखाली काही उरले नव्हते.

सकाळी आम्ही ती कलेवरे पाटीत भरीत होतो, तेव्हा त्या तरुणाचे वडील फाटकातून आत आले. मुलाचा पंधरा दिवसांचा पगार राहिला होता, तो मागायला ते आले होते. आमची अवस्था पाहून ते पगाराविषयी काही बोलले नाहीत. खुराड्याभोवती उकिडवे बसत बसत एकदा फिरले. मागील बाजूस जाळी जेथे मातीला टेकते तेथील तार उचकटलेली होती. एका टोकाला काही राखी-पिवळट केस अडकले होते, ते त्यांनी चिमटीत धरून आम्हांस दाखवले. नळाखालच्या चिखलात उमटलेली पावले दाखवली. "फादर, ही बघा. बोटं चार, नखं नाहीत. कोल्हा, कुत्रा असता तर नखं उमटली असती. हे रानमांजर." मग ते आवाराच्या भिंतीपलीकडे घाणेरीच्या झुडपांत शिरले आणि काही वेळाने ओंजळभर पिसे घेऊन आले. ती पावसाने भिजून मातकटलेली होती. "ही कालची नाहीत," ते म्हणाले. "आधीच्या तिघींची असतील. दार उघडं मिळालं असेल तेव्हा, आवाज न करता एकेक उचलून नेली. वाट कळली म्हणून परत आलं. परत आलं तर दार बंद, मग जाळी काढली."

त्यांनी कोणताही दोषारोप केला नाही. फक्त ती पिसे आमच्या हातात दिली.

त्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही पाड्यावर गेलो. तो तरुण घरी होता. झाले ते सर्व आम्ही त्याला सांगितले. दार उघडे राहिल्याचे, न मोजल्याचे, आणि ठाऊक असूनही गप्प राहिल्याचे. क्षमा मागितली. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "पण फादर, तुम्ही तर काहीच बोलला नव्हता." आमची समजूत काढण्यासाठीच तो तसे बोलला असावा. पण आमच्या विरुद्ध याहून अचूक साक्ष आजवर कोणी दिलेली नाही.

पुढच्या रविवारी वेदीवरून आम्ही हे धर्मग्रामाला सांगितले. मिस्सा संपल्यावर कौन्सिलचे ते सदस्य सभागृहाच्या दाराशी रेंगाळत उभे होते. काही बोलले नाहीत. सोमवारी त्यांच्या टेम्पोतून चांगल्या जाड तारेच्या जाळीची दोन भेंडोळी आली आणि पाड्यावर जाऊन हात जोडून आल्याचे त्यांनी त्याच दिवशी आम्हांस सांगितले. तो तरुण मात्र कामावर परतला नाही. तोवर त्याला पूर्वेकडच्या कारखान्यांपैकी एकात काम मिळाले होते. नवे खुराडे त्याच्या वडिलांनी बांधले. त्यांच्या हाताखाली विटा देण्याचे काम आम्ही केले आणि त्या चार दिवसांत जे शिकलो, ते वाचकांसाठी येथे मांडतो.

कोंबडीला दिवसा उत्तम दिसते. अंधारात ती जवळजवळ आंधळी असते. अंधार पडला की ती दांडीवर बसून इतकी सुस्त होते, की कोणीही तिला हाताने उचलून घ्यावे. तिचा मूळ पूर्वज म्हणजे जंगलातील लाल रानकोंबडा. तो रात्री झाडाच्या फांदीवर चढून बसतो. आपल्या जुन्या गावठी कोंबड्या याच वळणावर गेल्या होत्या, म्हणून आईला चिकूच्या झाडावर शोधावे लागे. हैदराबादच्या संशोधन संस्थेत विकसित झालेल्या वनराजासारख्या जाती अंगाने जड. त्यांना उंच फांदी गाठणे कठीण. म्हणजे आपण कोंबडीचे झाड काढून घेतले आहे. तेव्हा झाडाची जबाबदारी आपल्यावर येते. खुराडे बांधून आपण तिच्यावर उपकार करीत नाही. तिचे जे नेले, ते परत करतो.

बाजारातील पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते. जनावराला बाहेर ठेवीत नाही. कुत्रा किंवा कोल्हा ती दातांनी फाडतो. त्यासाठी जाड तारेची, सांध्यावर जोडलेली, अर्ध्या इंचाच्या चौकटीची जाळी हवी. चौकट याहून मोठी असली तर लहान धामण आणि उंदीर आत येतात. रात्रीचे जनावर सहसा भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरते. म्हणून जाळी जमिनीपाशी संपवू नये. बाहेरच्या बाजूस फूटभर वळवून मातीखाली किंवा दगडांखाली दाबावी. उकरणाऱ्याच्या पंजाला तेथे जाळीच लागते आणि मागे सरून फूटभर अंतरावरून उकरण्याची युक्ती त्याला सहसा सुचत नाही. जमीन फरशीची किंवा विटांची असावी, नाहीतर घूस खालून भोक पाडते, आणि घुशीच्या भोकातून पुढे साप येतो.

बसण्याची दांडी जाळीला चिकटून नसावी. जाळीतून पंजा घालून पाय किंवा मान ओढण्याचे प्रकार घडतात. छपरालाही जपावे, उदमांजर, ज्याला कांडेचोर म्हणतात, ते उत्तम चढते आणि पत्रा व भिंत यांमधील फटीतून आत उतरते. परंतु फटी बुजवायच्या म्हणून खुराडे पेटीसारखे बंद करू नये. आपल्याकडील दमट हवेत विष्ठेचा उग्र वास कोंडून कोंबड्यांना श्वासाचे विकार जडतात. वर, भिंतीच्या माथ्याशी, हवेसाठी जागा ठेवावी आणि तिला तीच बारीक जाळी मारावी. सांडलेले दाणे संध्याकाळी उचलावेत, कारण दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे बाकीचे. दाराला एकाऐवजी दोन कड्या असाव्यात, एक वर आणि एक खाली, म्हणजे खालचा कोपरा कोणी ढकलून वाकवू शकत नाही. रात्रभर दिवा जळत ठेवण्यावर विसंबू नये. दिव्याची सवय जनावराला लवकर होते.

हेही लक्षात ठेवावे, की नुकसान दिवसा झाले असेल तर संशय रानमांजरावर घेऊ नये. मुंगूस उजेडात हिंडते. अंडी तेवढी गेली असतील तर घूस, घोरपड किंवा साप यांचा विचार करावा. बंद जागेत एकाच वेळी पुष्कळ कोंबड्या मेल्या आणि खाल्ल्या गेल्या नाहीत, तर ते क्रौर्य नव्हे. शिकारी प्राण्याभोवती भक्ष्य फडफडत राहते, त्याला पळता येत नाही, आणि जोवर फडफड आहे तोवर त्याचा मारण्याचा स्वभाव शांत होत नाही. रानात भक्ष्य पळून जाते आणि गोष्ट एकावर थांबते. ती फडफड कोंडून ठेवणारी भिंत आपण बांधलेली असते.

नवे खुराडे होईपर्यंत एकदोघांनी मेलेल्या कोंबडीत विष भरून ठेवण्याचा सल्ला दिला होता. तो आम्ही मानला नाही. रानमांजर, उदमांजर, कोल्हा हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना मारणे हा गुन्हा आहे. शिवाय विष कोण खाईल हे विष ठरवीत नाही. शेजारचा कुत्रा खाईल, उंदरांवर जगणारे घुबड खाईल. आणि कायदा नसता तरीही आमचे उत्तर तेच राहिले असते. डोंगरापाशी घर बांधून जंगलाने आपले दार वाजवू नये अशी अपेक्षा करणे योग्य नाही. २०२४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यात दिसला आणि पुढच्या महिन्यात वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला, हे आपण सर्वांनी पाहिले. रानमांजराने आपल्या स्वभावाप्रमाणे केले. फट आमची होती.

रात्री झोपण्यापूर्वी चर्चच्या नित्यप्रार्थनेत आम्ही धर्मगुरू पेत्राच्या पहिल्या पत्रातील एक उतारा वाचतो. सावध राहा, जागे राहा, असे तो सांगतो आणि वैऱ्याला गर्जना करीत फिरणाऱ्या सिंहाची उपमा देतो. आम्ही कित्येक वर्षे तो उतारा वाचला आणि कान गर्जनेकडे लावून बसलो. आमचा अनुभव मात्र असा, की जे येते ते बहुधा गर्जना करीत नाही. ते मागच्या बाजूने, जेथे जाळी मातीला टेकते तेथून येते. आमच्या मनातही ते तसेच आले. चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांच्या दारांना आम्ही जाड कड्या लावल्या होत्या. 'पाहू' या दोन अक्षरांएवढी फट राहून गेली, आणि त्या फटीतून एका निरपराध माणसाची अब्रू गेली.

लूकच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय त्या दिवसांत आम्ही पुन्हा वाचला. येरुशलेमसाठी विलाप करताना प्रभू स्वतःला पिल्ले पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा देतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या दोनच ओळी आधी तो हेरोदाला कोल्हा म्हणतो, याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. कोल्हा आणि कोंबडी एकाच श्वासात. प्रभू नाझरेथसारख्या खेड्यात वाढला. कोल्ह्यापुढे कोंबडीचे काय होते, हे त्याने पाहिले नसेल असे आम्हांस वाटत नाही. तरीही त्याने गरुडाची उपमा घेतली नाही, सिंहाची घेतली नाही. पंखांनी दात अडत नाहीत हे ठाऊक असूनही त्याने कोंबडीची जागा पत्करली, आणि क्रूसावर ते हात पसरलेलेच राहिले. कोपऱ्यातील त्या खुडूक कोंबडीला आम्ही आवारातील सोनचाफ्याखाली पुरले. धर्मगुरूने कोंबडी पुरावी यावर कोणी हसले असेल. आम्हांस तिच्याविषयी आदर वाटत होता.

आणि पेत्राविषयी. मार्कच्या शुभवर्तमानात रात्रीचे चार प्रहर सांगितले आहेत. त्यांतील तिसऱ्याचे नावच कोंबडा आरवण्याची वेळ असे आहे. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रयोगांती दाखवून दिले, की कोंबडा उजेड पाहून आरवतो असे नव्हे. त्याच्या शरीरातील घड्याळच त्याला पहाटेची वेळ सांगते. अंधार पुरता असतानाच तो आरवतो. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसलेल्या पेत्रालाही अंधारातच तो ऐकू आला. पेत्राने तोंडाने नाकारले होते. आम्ही तोंड न उघडता नाकारले. त्या ऑक्टोबरनंतर उरलेल्या पाच कोंबड्यांतील कोंबडा रोज पहाटे आरवे आणि आम्ही अंथरुणात उठून बसत असू. सुरुवातीस तो आवाज शिक्षेसारखा वाटे. पुढे ध्यानी आले, की पेत्र त्या आवाजाने रडला आणि त्या रडण्यातूनच तो पुढे मेंढरे राखायला लायक झाला. कोंबडा दोष दाखवतो आणि सकाळ झाल्याचेही तोच सांगतो.

२०२२ साली आमची बदली झाली. तोवर संख्या पुन्हा बावीसवर गेली होती. ते खुराडे उचलून त्या मावशींच्या अंगणात नेऊन बसवले आणि कोंबड्या त्यांच्या त्यांना परत केल्या. फूटभर जाळी मातीखाली दाबायला तो तरुण सुट्टीच्या दिवशी स्वतः आला होता. काम झाल्यावर त्याने आम्हांस चहाच्या वेळी थांबवून विचारले, "नव्या जागी कोंबड्या ठेवणार का फादर?" ठेवू, असे आम्ही म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "मग मोजत जा."

नव्या धर्मग्रामात आमच्याकडे चौदा कोंबड्या आहेत. सायंकाळी घंटा झाली, प्रार्थना झाली, की आम्ही खुराड्यापाशी जातो. सभा असेल तर सभेला दहा मिनिटे थांबावयास सांगतो. मंडळींना आता त्याची सवय झाली आहे. मोजताना आम्ही मोठ्याने मोजतो, आई मोजीत असे तसे. आणि चौदा भरल्या की कडी लावण्यापूर्वी आणखी एक मोजणी मनातल्या मनात करतो. आज कोणाविषयी बोलायला हवे होते आणि आपण गप्प राहिलो, याची ती मोजणी असते. ती पुष्कळदा भरत नाही. मग रात्र होण्याआधी कोणाच्या तरी घरी जाऊन यावे लागते, किंवा निदान दूरध्वनी करावा लागतो.

जेवण त्यानंतर.